शहरातल्या मुख्य रस्त्यांवरची वाहतूक कोंडी कशी मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता, सातारा रस्ता, नगर रस्ता, गणेशखिंड रस्ता. पुण्यातल्या यांपैकी एका तरी रस्त्यावर रोज अडकणाऱ्यांसाठी हे पान आहे. प्रभागातल्या बैठकीत कुणी उठून ‘इथे फार कोंडी होते’ असं सांगितलं की समोरून विचारणा होते, ‘फार म्हणजे किती?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला नीट उत्तर देता आलं नाही तर पुढची सगळी चर्चा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने जाते. खालचे प्रश्न नागरिक मंडळं, सोसायट्या आणि विद्यार्थी वारंवार विचारतात. उदाहरणं पुण्याची असली तरी मुंबईचा एस. व्ही. रोड किंवा नागपूरचा वर्धा रोड मोजतानाही हेच लागू पडतं.

किती गाड्या झाल्या की कोंडी म्हणायची?

गाड्यांच्या संख्येवरून हे ठरत नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. एखाद्या चौकाजवळ उभं राहून तासाला किती गाड्या गेल्या हे मोजलं आणि आकडा कमी आला, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक, रस्ता रिकामा आहे. दुसरा, रस्ता इतका तुंबलाय की गाड्या पुढे सरकतच नाहीत. पहाटे पाचला आणि संध्याकाळी सातला मोजणीचा आकडा सारखा येऊ शकतो.

रस्त्यावरच्या प्रवाहाची तीन अंगं असतात. तासाला किती गाड्या गेल्या तो प्रवाह, एका किलोमीटरमध्ये किती गाड्या आहेत ती घनता, आणि त्यांचा वेग. घनतेला वेगाने गुणलं की प्रवाह मिळतो. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी रस्त्याची छायाचित्रं ठरावीक अंतराने घेऊन हा संबंध पहिल्यांदा आकड्यांत मांडला. घनता वाढत जाते तसा वेग उतरत जातो. प्रवाह मात्र आधी चढतो, एका टोकाला पोचतो आणि मग उतरायला लागतो. या उतारावर आलेल्या रस्त्याला आपण कोंडी म्हणतो. गर्दी वाढते आहे, पण पलीकडे पोचणाऱ्या गाड्या कमी होत आहेत.

म्हणून अहवालात फक्त वाहनांची मोजणी असेल आणि वेग किंवा वेळ नसेल, तर त्यावरून कोंडीबद्दल काहीच ठामपणे सांगता येत नाही.

‘आर्टेरियल’ रस्ता कशाला म्हणतात?

शहराचे भाग एकमेकांना जोडणारा, लांबच्या प्रवासाचा मुख्य रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेची ‘आयआरसी १०६’ ही १९९० सालची मार्गदर्शिका शहरी रस्त्यांच्या क्षमतेबद्दल आहे. तिच्यात अशा रस्त्याकडून अपेक्षा ठेवली आहे की त्याच्या कडेला थेट फाटकं उघडू नयेत, गाड्या उभ्या करू नयेत, आडवी ये-जा फार कमी असावी. आता कर्वे रस्ता डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना दुकानं, दवाखाने, बँका, सोसायट्यांची फाटकं, बसथांबे, रिक्षाथांबे. कागदावर रस्ता आर्टेरियल असतो, पण वागतो बाजारपेठेसारखा. त्यामुळे पुस्तकातली क्षमता इथे जशीच्या तशी गृहीत धरली की हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

एक्सप्रेसवेवर कोंडी रस्त्याच्या कुठल्याही टप्प्यावर तयार होऊ शकते. शहरी मुख्य रस्त्यावर ती बहुतेक वेळा चौकात जन्मते आणि मागे पसरते. त्यामुळे मोजणीचा अर्धा भाग चौकाचा असतो.

मग सगळ्यात साधं आणि भरवशाचं माप कोणतं?

एका ठरावीक ठिकाणापासून दुसऱ्या ठरावीक ठिकाणापर्यंत जायला लागलेला वेळ. सामान्य माणसाला तो लगेच कळतो, अभियंत्याला त्यातून वेग काढता येतो, आणि चौकात थांबलेली मिनिटं त्यात आपोआप येतात.

या वेळेला मोकळ्या रस्त्यावर लागणाऱ्या वेळेने भागलं की प्रवासवेळ निर्देशांक मिळतो. समजा, ५ किलोमीटरच्या पट्ट्याला सकाळी सहाला १२ मिनिटं लागतात आणि संध्याकाळी २७. निर्देशांक आला २.२५. वेगात बोलायचं तर २५ किलोमीटरवरून ११ वर आलो, म्हणजे मोकळ्या वेगाच्या ४४ टक्के.

याच टक्केवारीवर ‘लेव्हल ऑफ सर्व्हिस’ची, म्हणजे रस्ता किती चांगला चालतोय याच्या दर्जाची, ए ते एफ अशी अक्षरं ठरतात. आयआरसी १०६ प्रमाणे वेग मोकळ्या वेगाच्या सुमारे ९० टक्के असेल तर ए, ७० टक्के म्हणजे बी, ५० म्हणजे सी, ४० म्हणजे डी, ३३ म्हणजे ई, आणि त्याखाली एफ. आपलं उदाहरण डीच्या आसपास पडतं. अहवालात नुसतं अक्षर दिलेलं असेल तर मूळ मिनिटं मागून घ्या, कारण ३२ टक्के आणि १२ टक्के या दोन्हींना एफच म्हणतात, आणि त्या दोन रस्त्यांवरचं जगणं सारखं नसतं.

‘मोकळा रस्ता’ म्हणजे कोणत्या वेळचा रस्ता?

वादाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. वरचाच पट्टा घ्या. रात्री दोनला सिग्नल पिवळे लुकलुकत असतात आणि गाड्या सुसाट जातात. तेव्हा ९ मिनिटं लागली, तर संध्याकाळचा निर्देशांक ३ होतो. दुपारची निवांत वेळ पाया धरली आणि तेव्हा १५ मिनिटं लागत असली, तर तोच निर्देशांक १.८ वर येतो. संध्याकाळची २७ मिनिटं जागच्या जागी आहेत, फक्त पाया बदलला आणि कोंडी ‘तिप्पट’वरून ‘दुपटीपेक्षा कमी’ झाली.

रात्री दोनचा वेग पाया म्हणून धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो वेग शाळा, बसथांबे आणि वृद्ध पादचारी असलेल्या रस्त्यावर दिवसा असूच नये. त्याच्याशी तुलना करणं म्हणजे धोकादायक वेगाला आदर्श मानणं. सिग्नल चालू आहेत पण गर्दी नाही अशी पहाटेची किंवा रविवारी सकाळची वेळ धरावी, आणि कोणती वेळ धरली ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावं.

या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. भारतातल्या १५४ मोठ्या शहरांत गूगल मॅप्सवरच्या प्रवासवेळा गोळा करून अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शहरा-शहरांमधल्या वेगातल्या फरकाचा मोठा भाग गर्दीच्या वेळच्या कोंडीमुळे नसून, गर्दी नसतानाही रस्ते संथ असल्यामुळे आहे, असं त्यात दिसलं. म्हणजे एखाद्या शहराचा निर्देशांक छान दिसेल, कारण तिथला ‘मोकळा’ रस्ताही सदैव रखडलेलाच असतो. निर्देशांकाबरोबर किलोमीटरमागे लागणारी मिनिटंही सांगायला हवीत ती यासाठी.

‘पुणे जगात चौथं’ असं छापून येतं. त्याचा अर्थ काय लावायचा?

नकाशे आणि वाहतुकीची माहिती पुरवणाऱ्या टॉमटॉम या कंपनीच्या २०२४च्या क्रमवारीत पुणे चौथ्या क्रमांकावर होतं. १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १८ किलोमीटर. त्याआधीच्या वर्षीच्या क्रमवारीत पुणे सातवं आणि लंडन पहिलं होतं. २०१९च्या क्रमवारीत पुणे पाचवं होतं, पण तेव्हाचं माप वेगळं होतं: मोकळ्या वेळेपेक्षा किती टक्के जास्त वेळ लागतो. पुण्याचा आकडा तेव्हा ५९ टक्के होता, बंगळुरूचा ७१.

टक्क्यांची यादी आणि मिनिटांची यादी शेजारी ठेवून ‘पुणं सुधारलं’ किंवा ‘बिघडलं’ असं म्हणता येत नाही. मिनिटांच्या यादीत लंडनसारखं दाट आणि कमी वेगमर्यादेचं शहर वर जातं, टक्क्यांच्या यादीत गर्दीच्या वेळी अचानक बिघडणारं. शिवाय हे आकडे शहरभराची सरासरी असतात. तुमच्या पाषाण रस्त्याबद्दल किंवा बिबवेवाडीबद्दल त्यातून काही समजत नाही. अशी क्रमवारी लक्ष वेधून घेते हा तिचा उपयोग. अमुक चौकात काय करावं हे ठरवायला ती वापरू नये.

सरासरी वेग काढताना कुठे चुकतं?

एकाच ठिकाणी. पहिले २ किलोमीटर ताशी ४० ने गेले, पुढचे २ किलोमीटर ताशी १० ने. बरेच जण ४० आणि १० ची सरासरी २५ लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्याला ३ मिनिटं लागली, दुसऱ्याला १२. एकूण ४ किलोमीटर, १५ मिनिटं. वेग आला ताशी १६. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, एवढंच करायचं. रडारने किंवा कॅमेऱ्याने एका जागेवर टिपलेल्या वेगांची साधी सरासरी घेतली तरी ती नेहमी फुगलेली येते, कारण भरधाव जाणारी गाडी त्या जागेवरून मोजणीत जास्त वेळा सापडते आणि अडकलेली गाडी तिथवर पोचतच नाही.

सरासरी वेळ ठीक असेल तर लोक तक्रार का करतात?

कारण कुणीही सरासरी दिवस जगत नाही. ज्याला आठला बायोमेट्रिकवर बोट ठेवायचं असतं, जिला पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं असतं, ज्या मुलाचा एमपीएससीचा पेपर असतो, त्यांना आज किती वाईट होऊ शकतं याची चिंता असते. रोज २२ मिनिटं लागणारा रस्ता आणि एक दिवस १५, दुसऱ्या दिवशी ३४ लागणारा रस्ता यांची सरासरी सारखी येऊ शकते. पण दुसऱ्या रस्त्यावरचा माणूस रोज ३४ मिनिटं हाताशी ठेवूनच घर सोडतो. त्याची वाया गेलेली मिनिटं सरासरीत कुठेच दिसत नाहीत.

यासाठी ९५वा पर्सेंटाइल वापरतात. महिन्यातल्या कामाच्या २० दिवसांच्या वेळा चढत्या क्रमाने लिहा आणि एकोणिसावी उचला. ती ३४ मिनिटं आली, सरासरी २२ असली, तर वेळेवर पोचायला रोज १२ मिनिटं जादा ठेवावी लागतात. सरासरीच्या तुलनेत ५५ टक्के. याला बफर निर्देशांक म्हणतात. तीच ३४ मिनिटं मोकळ्या १२ मिनिटांनी भागली की २.८ हा नियोजनवेळ निर्देशांक मिळतो.

मला विचाराल तर आपल्या शहरांच्या अहवालांतली सगळ्यात मोठी उणीव हीच. दोन दिवस सर्वेक्षण करून आलेली सरासरी छापली जाते, आणि बेभरवशाच्या रस्त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते ते लोक त्या कागदावर नसतात. बंद पडलेला टेम्पो, फुटलेली जलवाहिनी, लग्नाची वरात, पहिला पाऊस यांनी कोलमडणारा रस्ता हा रोजच्या संथ रस्त्यापेक्षा वेगळा आजार आहे आणि त्याचे उपायही वेगळे असतात. अडकलेली गाडी दहा मिनिटांत उचलणारी क्रेन रस्ता रुंद न करताही ९५वा पर्सेंटाइल खाली आणू शकते.

पीसीयू म्हणजे काय? दुचाकीला अर्धी गाडी का धरतात?

आपल्या रस्त्यावर मोटार, बस, रिक्षा, दुचाकी, टेम्पो, सायकल, हातगाडी सगळं एकत्र चालतं. त्यांची बेरीज करायला प्रत्येकाला मोटारीच्या पटीत मोजतात, त्या एककाला पीसीयू म्हणतात. आयआरसी १०६ मध्ये मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, हातगाडी २ ते ३ असे आकडे आहेत. त्या वाहनाचं एकूण वाहतुकीतलं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल तर लहान आकडा, १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मोठा. त्याच मार्गदर्शिकेत मधे दुभाजक असलेल्या चार पदरी आर्टेरियल रस्त्यासाठी दोन्ही दिशा मिळून ताशी ३,६०० पीसीयू आणि सहा पदरीसाठी ५,४०० हे नियोजनाचे आकडे दिले आहेत.

हे स्थिर आकडे पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात अपुरे पडतात. वाहतूक वाहती असताना दुचाकी जितकी जागा व्यापते, तितकी ती सिग्नलवर दोन मोटारींच्या फटीत घुसल्यावर व्यापत नाही. म्हणून आता वाहनाचा वेग आणि त्याने व्यापलेलं क्षेत्रफळ या दोन्हींवरून पीसीयू काढायची पद्धत वापरतात. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये आलेल्या ‘इंडो-एचसीएम’ या मार्गदर्शिकेने भारतीय रस्त्यांवरच्या प्रत्यक्ष मोजणीचा आधार घेतला. कुठलाही नवा अहवाल हातात आला की पीसीयूचे आकडे कुठले घेतलेत ते आधी बघा. हे आकडे बदलले की तीच मोजणी रस्ता ‘क्षमतेच्या आत’ दाखवू शकते किंवा ‘क्षमतेबाहेर’.

आता पीसीयूचा मोठा दोष. बसला ३.७ मोजलं की कागदावर बस अडथळा ठरते. तिच्यात ५० माणसं असतात हे पीसीयूला दिसत नाही. ५० माणसांची बस माणशी ०.०७ पीसीयू जागा घेते, दीड माणसाची मोटार माणशी ०.६७, म्हणजे सुमारे नऊपट. केवळ पीसीयूवर निर्णय घेतले तर बसथांबा हलवणं आणि बसची मार्गिका काढून टाकणं हा ‘कोंडीवरचा उपाय’ वाटू लागतो. ज्या रस्त्यावरून पीएमपीच्या बस जातात तिथे ताशी किती माणसं पलीकडे गेली हा आकडा वाहनांच्या आकड्याच्या शेजारी असलाच पाहिजे.

चौकातली रांग कशी मोजायची?

सगळ्यात सोपी खूण: हिरवा दिवा संपला तेव्हा, लाल लागायच्या आधी जे रांगेत होते त्यांपैकी किती जण मागे उरले? कुणीच उरलं नाही, तर सिग्नलला झेपतंय. सिग्नलच्या सलग चार-पाच फेऱ्यांत उरत असतील आणि आकडा वाढत असेल, तर मागणी क्षमतेपेक्षा जास्त झाली. ही नोंद एक माणूस वही-पेन घेऊन करू शकतो.

थांबण्याची सरासरी वेळ हवी असेल तर ठरावीक सेकंदांनी त्या बाजूला उभ्या असलेल्या गाड्या मोजायच्या, सगळ्यांची बेरीज त्या सेकंदांनी गुणायची आणि तेवढ्या वेळात चौक ओलांडलेल्या एकूण गाड्यांनी भागायची. उदाहरणार्थ, दर १६ सेकंदांनी मोजून बेरीज १,३५० आली आणि ३०० गाड्या गेल्या, तर गाडीमागे ७२ सेकंद. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमध्ये सिग्नलवरचा उशीर ८० सेकंदांपलीकडे गेला की एफ धरतात. सोळाच सेकंद का? सिग्नलची फेरी १२० सेकंदांची असेल आणि आपण दर १५ सेकंदांनी मोजलं, तर प्रत्येक फेरीत त्याच त्याच क्षणांना मोजणी होते आणि उत्तर एका बाजूला झुकतं. फेरीला पूर्ण भाग जाणार नाही असं अंतर निवडायचं.

रांगेची लांबीही लिहून ठेवा, कारण ती मागच्या चौकापर्यंत पोचली की तिथला हिरवा दिवाही वाया जातो. दोन चौक जवळ असलेल्या रस्त्यांवर हे रोज घडतं आणि दोष मात्र मागच्या चौकाला दिला जातो.

रस्त्याच्या कडेला एखादी गाडी उभी राहिली तर इतका काय फरक पडतो?

बराच. हिरवा दिवा लागल्यावर तासाला किती पीसीयू सुटू शकतात याचं आपल्याकडे वापरलं जाणारं जुनं सूत्र आहे: रुंदीचे मीटर गुणिले ५२५. चौकाकडे येणारी बाजू ९ मीटर रुंद असेल तर ४,७२५. १२० सेकंदांच्या फेरीत ४० सेकंद हिरवा असेल तर प्रत्यक्षात याचा एक तृतीयांश, म्हणजे ताशी १,५७५. आता थांबारेषेशी एक मोटार उभी करा. रुंदी ७ मीटर उरली, आकडा १,२२५ वर आला. एका उभ्या मोटारीने तासाला ३५० पीसीयू गिळले. एवढी क्षमता मिळवायला उड्डाणपूल बांधायची वेळ येते आणि कोट्यवधी रुपये जातात. चौकाच्या तोंडाशी पार्किंग आणि रिक्षाथांबा नको हा आग्रह धरताना हा हिशेब सोबत ठेवा.

गूगल मॅप लाल दाखवतं. तो पुरावा धरतात का?

दुय्यम पुरावा म्हणून जरूर. लाखो मोबाइलच्या हालचालीवरून वेग काढलेला असतो, त्यामुळे रोजची, चोवीस तासांची माहिती मिळते, जी दोन दिवसांच्या सर्वेक्षणात कधीच मिळणार नाही. ठरावीक वेळेला रोज एकाच पट्ट्याची प्रवासवेळ टिपून ठेवली तर महिन्याभरात चांगला आलेख तयार होतो. स्क्रीनवरचा रंग मात्र टिपू नका, मिनिटं टिपा. लाल म्हणजे उशीर होतोय, किती ते रंगावरून कळत नाही.

मर्यादा दोन. पहिली, यातून वेग कळतो, गाड्यांची संख्या कळत नाही. दुसरी पुण्यात फार जाणवते: दुचाकीची वेळ आणि मोटारीची वेळ वेगळी असते. गूगलने भारतात दुचाकीचा पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये आणला, पण कोणता पर्याय निवडून नोंद केली हे लोक लिहून ठेवत नाहीत. शिवाय जिथे एकावर एक रस्ते आहेत, जसं कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपला, तिथे फोन पुलावर आहे की पुलाखाली हे जीपीएसला नेहमी ओळखता येत नाही. अशा ठिकाणी वरची आणि खालची वेळ स्वतः गाडी चालवूनच घ्यावी.

रस्त्यात पुरलेली यंत्रं आणि कॅमेरे काय मोजतात?

डांबराखालच्या तारेच्या वेटोळ्यावरून धातूची गाडी गेली की नोंद होते. ही यंत्रणा पदर पाळणाऱ्या वाहतुकीसाठी बनली आहे. दोन वेटोळ्यांमधून निघून जाणारी दुचाकी तिला दिसत नाही, आणि तीन दुचाकी एकदम गेल्या तर एकच मोजली जाते. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे दोन ठिकाणी लावले की त्याच गाडीला मधल्या अंतराला किती वेळ लागला ते थेट मिळतं. ब्लूटूथचे संकेत टिपूनही हेच करतात. ड्रोनमधून घेतलेलं चित्रीकरण आपल्या मिश्र वाहतुकीसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण त्यात पदर नसले तरी रस्त्याचं किती टक्के क्षेत्रफळ वाहनांनी व्यापलंय ते मोजता येतं. पण ड्रोन अर्धा तास उडतो, आणि परवानगीला वेळ लागतो.

आम्ही सोसायटीतले लोक स्वतः मोजू शकतो का?

हो, आणि नीट केलं तर ते कुणालाही बाजूला सारता येत नाही.

पट्टा ठरवताना सुरुवात आणि शेवट चौकाच्या थांबारेषेवर ठेवा. ‘साधारण पेट्रोल पंपापासून’ असं नको. मधल्या प्रत्येक चौकाची थांबारेषा ओलांडल्याची वेळही मोबाइलवर बोलून ध्वनिमुद्रित करा, म्हणजे कोणत्या टप्प्यात मिनिटं गेली ते कळेल. गाडी प्रवाहाबरोबर न्यायची: जितक्यांना आपण मागे टाकलं साधारण तितक्यांनीच आपल्याला मागे टाकावं. मोटार, दुचाकी आणि बस यांच्या वेळा वेगवेगळ्या तक्त्यांत लिहायच्या, एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

दिवस निवडताना परदेशी पुस्तकांत मंगळवार ते गुरुवार सुचवलेले असतात. पुणे परिसरात गुरुवार टाळा. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुटी असते आणि त्या दिवशीची वाहतूक वेगळी असते. पालखीचे दिवस, गणेशोत्सव, दिवाळीची खरेदी, शाळांच्या सुट्या यांतल्या नोंदी वेगळ्या ठेवा. पावसाच्या दिवसांवर फुली मारू नका. त्या दिवशी ‘पाऊस’ असं लिहा. वर्षाचे चार महिने ज्या रस्त्यावर पाऊस असतो त्याच्या मोजणीतून पाऊस वगळणं योग्य नाही.

गर्दीच्या आणि गर्दी नसलेल्या अशा दोन्ही वेळी, दोन्ही दिशांना, किमान महिनाभर नोंदी घ्या. वाईट दिवसांचेच आकडे गोळा करायचा मोह होतो. तो टाळलात तर तुमचा तक्ता टिकेल.

एकाच गाडीत बसून वाहनांची संख्याही काढता येते का?

येते. वॉर्डरॉप आणि चार्ल्सवर्थ या ब्रिटिश संशोधकांनी १९५४ मध्ये ही पद्धत मांडली. एका दिशेने जाताना समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्या मोजायच्या. मग त्यांच्याच दिशेने परत येताना आपल्याला मागे टाकणाऱ्या गाड्यांतून आपण मागे टाकलेल्या वजा करायच्या. दोन्ही संख्यांची बेरीज दोन्ही फेऱ्यांच्या एकूण वेळेने भागायची. समजा, जाताना ८ मिनिटांत ६०० गाड्या भेटल्या. येताना १२ मिनिटांत ३० जणांनी आपल्याला मागे टाकलं, आपण ५० जणांना. म्हणजे ६०० वजा २०, भागिले २०. मिनिटाला २९, तासाला १,७४०. दुचाकींच्या गर्दीत तोंडी मोजणं अवघड जातं, म्हणून पुढे आणि मागे कॅमेरा लावून नंतर घरी बसून मोजावं. एका फेरीवर विसंबू नये, पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्यावी.

उड्डाणपूल झाला, कोंडी संपली. हे तपासायचं कसं?

पुलाच्या दोन टोकांमधली वेळ मोजली तर पूल नेहमीच यशस्वी दिसतो. पाहायचं असतं ते पुलाच्या आधीचा आणि नंतरचा चौक धरून अख्ख्या रस्त्याला आता किती वेळ लागतो. पुलावरून एकदम आलेल्या गाड्या पुढच्या सिग्नलला थांबत असतील तर रांग नाहीशी झालेली नाही, पाचशे मीटर पुढे सरकली आहे. समांतर रस्त्यांच्याही वेळा घ्या. पुलाखालून रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला आधी किती थांबावं लागायचं आणि आता किती, तेही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं आहे, तेव्हा ही मागणी कुणाची मेहेरबानी मागणारी नाही.

आणि एकदाच मोजून थांबू नका. उद्घाटनानंतर महिन्याभरात एकदा, वर्षाने पुन्हा. रस्ता मोकळा झाला की पूर्वी वेळ बदलून, दुसरीकडून किंवा बसने जाणारे लोक तिकडे वळतात, आणि वर्षाने चित्र बरंच बदललेलं असतं. मात्र ही सगळी तुलना करायला कामाआधीची मोजणी हवी. बॅरिकेड लागल्यावर घेतलेली ‘आधीची’ मोजणी निरुपयोगी, कारण कामामुळे तुंबलेल्या रस्त्याशी तुलना केली की कुठलाही पूल शोभून दिसतो.

कोंडीमुळे शहराचे इतके कोटी रुपये बुडतात, हे आकडे कुठून येतात?

उशिराचे तास, त्या तासाची गृहीत धरलेली किंमत आणि वाया गेलेलं इंधन यांच्या गुणाकारातून. यातली तासाची किंमत बदलली की उत्तर दुप्पट होतं किंवा निम्म्यावर येतं. पगारावरून किंमत ठरवली तर घरकामाला जाणाऱ्या बाईंचा तास आयटीतल्या माणसाच्या तासापेक्षा स्वस्त धरला जातो, आणि मला ते मान्य नाही. तास तासांतच सांगावेत.

महापालिकेकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे नेमकी कोणती माहिती मागायची?

माहिती अधिकारात अर्ज करताना ‘कोंडीबद्दल माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं. रस्त्याचं नाव आणि दोन चौक लिहा. त्या पट्ट्यावर झालेल्या सर्वेक्षणाच्या तारखा आणि तास, प्रत्येक फेरीच्या मूळ वेळा, मोकळ्या वेगासाठी धरलेली वेळ, वापरलेले पीसीयूचे आकडे आणि त्यांचा आधार, चौकांतल्या सिग्नलच्या फेरीचा आणि हिरव्या दिव्याचा कालावधी, त्या रस्त्यावरून ताशी जाणाऱ्या बसची संख्या, एवढं मागा. माहिती एक्सेलमध्ये मागा, छापील पानांच्या फोटोत नको. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. सर्वेक्षणच झालेलं नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी येईल. तो कागद आणि तुमचा महिन्याभराचा तक्ता एकत्र जोडून प्रभागाच्या पुढच्या बैठकीत द्या.